मिकूचा श्वास

ती आमच्या घरात आली त्या दिवशी मला वाटलं, स्पीकर बिघडला. ऑगस्टमधला शुक्रवार होता. बाहेर दोह्यातल्या अबू हमूरचं ऊन आणि अंगाला चिकटणारी हवा, आत एसीची घरघर. लेकीच्या खोलीतून एक बारीक, लखलखीत, थोडा नाकातला आवाज सुसाट धावत होता. गवार निवडता निवडता माझा हात थांबला. ओळ जिथे मोडायला हवी तिथे मोडत नव्हती, एकीला जोडून दुसरी, दुसरीला जोडून तिसरी येत होती. मग लक्षात आलं, मी स्वतःच श्वास रोखून ऐकतेय.

मिरजेला बाईंकडे आठ वर्षं गाणं शिकले. दम कुठे घ्यायचा ते आधी ठरव आणि मग तोंड उघड, हा त्यांचा पहिला धडा. म्हणून मी लेकीला विचारलं, ही मुलगी दम कुठे घेते?

"घेतच नाही, आई. तिला लागत नाही."

हात्सुने मिकू या संगणकीय गायिकेची आणि माझी ओळख झाली ती अशी. 'हात्सु' म्हणजे पहिला, 'ने' म्हणजे नाद आणि 'मिकू' म्हणजे भविष्य. 31 ऑगस्ट 2007 रोजी जपानमधल्या साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीने तिला बाजारात आणलं. वय 16, उंची 158 सेंटिमीटर, वजन 42 किलो. केई या चित्रकाराने तिला पायापर्यंत लोंबणारे हिरवट निळे केस दिले, दोन्ही बाजूंना बांधलेले. इतकी वर्षं झाली, ती सोळाचीच आहे. पण रूपापेक्षा मला तिचा गळा महत्त्वाचा.

हा गळा उसना आहे. साकी फुजिता या अभिनेत्रीने स्टुडिओत बसून सुटे उच्चार म्हटले. त्यांचे तुकडे करून यामाहाच्या व्होकॅलॉइड या यंत्रणेत भरले. 'क'कडून 'अ'कडे जाताना, 'अ'कडून 'स'कडे वळताना जीभ जो प्रवास करते, त्याचे हे तुकडे. सूर आणि शब्द मांडले की यंत्र ते एकापुढे एक सांधतं. जपानीला असे सुमारे 500 जोड पुरतात, इंग्रजीला 2500च्या आसपास लागतात. जपानी अक्षरं आपल्यासारखीच स्वरांत संपणारी, मोकळी. त्यांची वर्णमाला अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न, ह, म अशी चालते. हा क्रम संस्कृत शिकणाऱ्या बौद्ध भिक्षूंकडून आला आहे. म्हणजे मिकूच्या पोटात जे भरलंय ती आपल्या बाराखडीची लांबची बहीणच. हे कळल्यापासून ती मला परकी वाटेनाशी झाली.

अबू हमूरमध्ये तसं परकं कुणीच नाही. एका व्हिलाचे पाच-सहा भाग करून आम्ही राहतो, खाली मलयाळी, मागे फिलिपिनो, समोर इजिप्तचे. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून चर्च कॉम्प्लेक्समध्ये रविवारची प्रार्थनाही शुक्रवारी होते, आणि तीही कितीतरी भाषांत. मशिदीतली दुपारची नमाज संपते, रस्ते पुन्हा वाहू लागतात, तेव्हा जपानमध्ये संध्याकाळचे सात वाजायला आलेले असतात. घड्याळ सहा तास पुढे. दिवसभराची नोकरी आणि कॉलेज उरकून मिकूकडून गाऊन घेणारे आपलं नवं गाणं लोकांपुढे ठेवतात ती हीच वेळ. आमच्याकडे वरणभाताची.

या गाण्यांच्या दुनियेला जपानी लोक थोडक्यात 'बोकारो' म्हणतात. आपल्याला पोलादाचा कारखाना आठवतो. गाणं करणारा तो 'बोकारो-पी', पी म्हणजे प्रोड्यूसर. शब्द, चाल, वाद्यं सगळं बहुधा एकट्याचं, खोलीतल्या टेबलावरचं. हाची या नावाने सुरुवात केलेला मुलगा आज योनेझु केन्शी म्हणून जपानभर ओळखला जातो. योआसोबी या जोडीतला अयासेही इथूनच आला. पण लेक गाजलेल्यांच्या मागे नसते. निकोनिको या जपानी साइटवर ऐकणारेच गाण्यांना चिठ्ठ्या डकवतात. 'ही याची पहिलीच कृती' अशी एक चिठ्ठी असते. 'याला आणखी दाद मिळायला हवी' अशीही एक असते. लेक या दोन चिठ्ठ्यांच्या मागावर. 2024च्या जूनमध्ये सायबर हल्ल्याने ती साइट बंद पडली आणि 5 ऑगस्टला परत सुरू झाली. ते दोन महिने आमच्या घरात कुणाचं तरी टपाल बंद पडल्यासारखे गेले.

मी तिच्याबरोबर बसू लागले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. गळा एकच, पण दोन गाण्यांतली मिकू सारखी नसते. एकाकडे ती पत्र्यावर पडलेल्या चमच्यासारखी वाजते, दुसऱ्याकडे झोपेतून उठल्यासारखी बोलते. सूर किती उशिरा लावायचा, शेवटी किती थरथरू द्यायचा, व्यंजन किती आवळायचं, हे करणारा एकेका अक्षराला हात लावून ठरवतो. याला ते 'चोसेई' म्हणतात. आमच्याकडे मिरजेत याला जवारी म्हणतात. भोपळा, दांडी, तारा सगळं जागेवर असलं तरी तंबोरा मुका राहतो. कारागीर घोडी कानशीने घासतो, कान लावतो, परत घासतो, तारेखाली धाग्याचा तुकडा केसभर सरकवतो, आणि एकदम तार बोलायला लागते. लहानपणी मी तासन्‌तास हे बघत बसलेली आहे. खोक्यातून काढलेली मिकू ही जवारी न काढलेली तार आहे. हे यंत्राचं गाणं, यात माणूस कुठे, असं विचारणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की माणूस त्या धाग्यात आहे.

आणि माणूस जातो, मिकू राहते. वोवाका या टोपणनावाच्या तरुणाचं 'रोलिंग गर्ल' 2010चं. तिला दम घ्यावा लागत नाही हे ओळखून त्याने तिला धाप लागेल अशा वेगात पळवलं. पुढे त्याने स्वतःचा बँड काढला, स्वतः गायला. एप्रिल 2019 मध्ये तो गेला, वयाच्या 31व्या वर्षी. ते गाणं लावलं की ती अजून त्याच वेगाने धावते. मला ते दोनदा सलग ऐकवत नाही.

गेल्या महिन्यातली गोष्ट. शुक्रवारीच, जेवणं व्हायची होती. लेकीने हेडफोनचा एक कान मला दिला. कुणाचं तरी पहिलंच गाणं, नुसता पियानो आणि ती. पियानोही अडखळणारा. दुसऱ्या कडव्याआधी पियानो थांबला आणि मला श्वास ऐकू आला. आत ओढलेला, छोटा, किंचित खरखरीत. मिकूचा नव्हे, तिच्या आवाजापेक्षा तो जड होता, जरा ओला होता. गाण्यात श्वास हवा असेल तर तो मुद्दाम ठेवावा लागतो. या कुणीतरी आपलाच श्वास रेकॉर्ड करून तिथे ठेवला असणार, अशी माझ्या कानांची खात्री आहे. त्यामागून ती गायला लागली आणि त्या ओळीला पहिल्यांदा सुरुवात मिळाली. बाईंनी ऐकलं असतं तर मान हलवली असती.

"परत लाव," मी म्हटलं.

चार वेळा ऐकलं. गवारीची भाजी खाली लागली. गाण्याखाली ऐकणाऱ्यांचा आकडा 43 होता. लेकीने तिला येतं तेवढ्या जपानीत दोन शब्द लिहिले: श्वास आवडला. दुसऱ्या दिवशी तिथे उत्तर आलं होतं. एकच शब्द, धन्यवाद.