चतुर की टाचणी?

पावसाळा सरत आला की आमच्या हट्ट्याच्या शिवारात चतुरांचे थवेच्या थवे उडू लागतात. शाळेचे मैदान, हळदीचे वावर, ओढ्याची कड, कुठेही पाहा, चतुर आहेतच. लहान मुले त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. पण आपण सगळ्यांना चतुर म्हणून मोकळे होतो, तरी ते सगळे एक नसतात. जगात या किड्यांच्या ६,००० पेक्षा जास्त जाती आहेत आणि एकट्या भारतात सुमारे ५००. त्यांतल्या सात-आठ तरी आपल्या गावात रोज दिसतात. मला त्या ओळखण्याचा छंद लागला आहे.

पहिला भेद गुरुजींनी फळ्यावर चित्र काढून सांगितला. चतुर बसला की विमानासारखे पंख आडवे पसरतो. टाचणी बसली की पंख मिटून पाठीवर घेते. चतुराचे अंग दणकट आणि डोळे मोठे, बहुतेकांचे डोळे डोक्यावर एकमेकांना टेकलेले असतात. टाचणीचे अंग काडीसारखे बारीक आणि डोळे दोन बाजूंना दूर दूर असतात. काही टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवून बसतात. अशा वेळी फसू नये, डोळे पाहावेत.

त्यानंतर पाहायची ती जागा. मी वहीत तीन रकाने आखले : कुठे दिसला, कसा बसला, रंग कोणता. या किड्यांवर फ्रेझर नावाच्या लष्करातल्या डॉक्टरांनी १९३३ ते १९३६ या काळात तीन जाड खंड लिहिले. त्यात नावे सगळी लॅटिन. ती आमच्या तोंडात बसेनात, म्हणून वर्गात आम्ही आमच्यापुरती नावे ठेवली.

सांडपाण्याच्या नालीवर नारिंगी पंखांचा बुटका चतुर बसतो, तो आमचा 'नालीवाला'. याला घाण पाणी चालते. जिथे फक्त हाच दिसतो आणि दुसरे कोणी फिरकत नाही, तिथले पाणी बिघडले असे समजावे. पाणवठ्याजवळ काडीच्या टोकावर मिरचीसारखा लालभडक बसतो, तो 'मिरच्या'. पण लाल रंग नराचा असतो, मादी पिवळसर असते. नवखा माणूस त्यांना दोन जाती समजतो. हिरव्या अंगावर काळे पट्टे असलेला मोठा दांडगट आहे. तो फुलपाखरेच काय, दुसरे चतुरसुद्धा धरून खातो, म्हणून त्याचे नाव 'फौजदार'. लव्हाळ्यात पिवळ्याधमक शेपटीची टाचणी असते, ती 'हळदी'. आपल्या वसमतच्या भागात दुसरे नाव कोणते सुचणार! तिच्याही खाली, अगदी गवताच्या बुडाशी दोन सेंटिमीटरची टाचणी असते. ती पाहायला मांडी घालून खालीच बसावे लागते.

आणि 'भिंतकर' तर आपल्या शाळेतच राहतो. त्याचा रंग दगडासारखा करडा आणि ठिपक्यांचा. भिंतीला असा चिकटून बसतो की हात लावेपर्यंत कळत नाही.

मैदानावर घोळक्याने उडणारा पिवळसर तांबूस चतुर मात्र खाली बसायचे नावच घेत नाही. आमची आजी म्हणते, "चतुर लई खाली उडायलेत बग, आता पाऊस येतो." आजीचे म्हणणे अगदीच सोडून देण्यासारखे नाही. हा 'भटक्या' पावसाच्या वाऱ्याबरोबर फिरतो आणि साचलेल्या डबक्यात अंडी घालतो. डबके आटायच्या आत, दीड-दोन महिन्यांत त्याचे पिल्लू मोठे होऊन उडून जाते. मालदीव बेटांवर गोडे पाणी फारसे उघड्यावर नाही, तरी दरवर्षी ऑक्टोबरमध्ये तिथे हे लाखोंनी उतरतात. चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडले की हे भारतातून निघून, समुद्र ओलांडून, पूर्व आफ्रिकेला जातात आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या परत येतात. बोटभर लांबीचा जीव, आणि आफ्रिकेला जातो!

या सगळ्यांचे लहानपण पाण्यात जाते. शाळेचा हौद धुताना तळाशी करडे सहा पायांचे प्राणी निघाले. मुले ओरडली, "विंचू, विंचू!" गुरुजींनी एक प्राणी काचेच्या बरणीत घेतला आणि त्यात डासाच्या अळ्या सोडल्या. त्या प्राण्याचा खालचा ओठ हातासारखा दुमडलेला असतो. तो एकदम पुढे आला आणि अळी गायब! ते भिंतकराचे पिल्लू होते. टाचणीच्या पिल्लाला मागे पानासारख्या तीन शेपट्या असतात, चतुराच्या पिल्लाला त्या नसतात. आम्ही ती सगळी पिल्ले बादलीत काढून ठेवली आणि हौद भरल्यावर परत सोडली. आता हौदाच्या कडेला त्यांच्या वाळक्या काती चिकटलेल्या दिसतात.

आता मुख्य गोष्ट सांगते. आपल्याकडे मुले चतुर धरून त्याच्या शेपटीला दोरा बांधतात. माझ्या धाकट्या भावानेही बांधला होता. मी म्हटले, "सोड त्याला." तर म्हणतो, "कामून सोडू? मी त्याला मारायलो का?" तेव्हा मी रागावले नाही. म्हटले, "बरं, मग हा कोणता आहे ते सांग. बसतो कसा? कुठं बसतो?" दोऱ्याचा चतुर नुसता फडफडत होता. तो ना धड बसेना, ना उडेना. भावाला काही सांगता येईना. शेवटी त्यानेच दोरा सोडला आणि चतुर कुठे जातो हे पाहत त्याच्यामागे पळाला. थोड्या वेळाने येऊन सांगतो, "ताई, तो काडीला लोंबकळून बसला. भटक्याच हाय!"

मला वाटते, ओळख झाली की दोरा बांधावासा वाटत नाही. ज्याला आफ्रिकेला जायचे आहे, त्याला आपण हातभर दोऱ्यात कसे अडकवायचे? शिवाय शेपटी दुखावलेली मादी पाण्यावर टेकून अंडी कशी घालणार? आणि चतुर कमी झाले तर डास कोण खाणार?

म्हणून मित्रमैत्रिणींनो, चतुर धरू नका, पाहा. दोन-तीन हात लांब उभे राहा आणि आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका. उडाला तरी थांबा, पुष्कळदा तो त्याच काडीवर परत येतो. विहिरीवर आणि कालव्यावर एकटे जाऊ नका, मोठ्या माणसाला बरोबर घ्या. आमची तीन रकान्यांची वही वर्गाच्या खिडकीत ठेवली आहे. ज्याला नवीन चतुर दिसेल त्याने लिहावे. नाव ठेवायचा मान त्याचाच!