येळवशीच्या आठवड्यातली पत्रं

लातूर, मंगळवार रात्री

वहिनी,

पोचले. फोनवर तुम्ही आईंच्या गोळ्यांचं सांगता, मी जेवल्याचं सांगते आणि तेवढ्यात ठेवायची वेळ होते, म्हणून हे पत्र.

वाईट बातमी आधी. ठाण्याला गाडी बदलताना कोकमाच्या आगळाच्या बाटलीचं झाकण सुटलं. निम्मं आगळ माझी शाल प्यायली. ती तशीच धुऊन, अर्धवट ओली पांघरून बसले आहे, कारण दुसरी आणलेली नाही. इथली पहाटेची थंडी कोरडी, ओठ फुटतात. व्हॅसलीन घे म्हणाला होतात. माहीत आहे, बोलू नका.

सकाळी एका कचेरीत गेले. कुठली ते लिहीत नाही. किल्लारीच्या भूकंपानंतरच्या नव्या गावठाणाचा जुना नकाशा नुसता बघायचा होता. साहेबांनी चहाचा कप खाली न ठेवता विचारलं, "चिपळूणचा आणि किल्लारीचा संबंध काय?" म्हटलं, तुमच्याकडे जमीन हलली, आमच्याकडे २०२१ च्या जुलैत नदी घरात आली, पुन्हा कसं उभं राहायचं ते बघायला आमच्या गटानं पाठवलंय. तर म्हणे, संस्थेचं पत्र आणा. दिलं. यावर जावक क्रमांक नाही. वहिनी, आपल्या गटाला जावक क्रमांक! आपली सगळी जावक तुमच्या त्या पापडाच्या डब्यात असते. दीड तास बाकावर बसवून, जेवणाच्या सुट्टीनंतर या म्हणाले. नंतर गेले तर खुर्चीवर फक्त टॉवेल.

मुक्काम ज्यांच्याकडे, त्यांच्या अंगणात पाण्याची चार पिंपं, नळ रोज येत नाही म्हणून. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हाचं सांगत होत्या. पहिल्या फेरीत दहा टाक्या, पाच लाख लिटर. त्याच उन्हाळ्यात लातूरकरांनी वर्गणी काढून मांजरा नदीतला गाळ उपसला. मला आपली वाशिष्ठी आठवली. आपण गाळ काढला पाणी निघून जावं म्हणून, यांनी काढला पाणी थांबावं म्हणून. आणि आपल्याकडे गाळ काढायला आलेलं नाम फाउंडेशन मुळात इकडच्याच दुष्काळातल्या शेतकऱ्यांसाठी निघालेलं. म्हणजे मी शिकायला इथे यायच्या आधीच इथलं शिक्षण आपल्या दारात पोकलेन घेऊन येऊन गेलं होतं.

भात मिळाला नाही.


किल्लारी, बुधवार

वहिनी,

एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे बायकाच बायका. सगळ्या उद्याच्या येळवशीला माहेरी किंवा शेतावर. मांडीवर कुणाचं तरी मूल घेऊनच आले.

जुन्या गावाच्या जागी स्मारक आहे, बघितलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं तुम्हांला टीव्हीवरून माहीत आहे: ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं, अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती बोळवून दमून झोपलेली माणसं.

जिच्याकडे उतरले आहे तिला सगळे मावशी म्हणतात, मीही. भूकंप झाला तेव्हा तिशीच्या आतली, सातवी शिकलेली. बावन्न गावं पुरती नव्या जागी हलवली. पण त्याहून कितीतरी जास्त गावांत घरं तडकली होती, पडली नव्हती. ती जागच्या जागी दुरुस्त करायची होती. पैसे हप्त्याहप्त्याने मालकाच्या नावावर येणार, काम मालकाने करून घ्यायचं. जागतिक बँकेचं कर्ज, इंजिनिअर, कागद, सगळं होतं. पण हप्ता कशासाठी मिळतो ते घरातल्या बाईला कोण सांगणार? तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने सरकारच्या गळी उतरवलं, की प्रत्येक गावातल्या महिला मंडळातूनच 'संवाद सहाय्यक' नेमा. मावशी त्यांतली एक.

काम काय, तर घरोघर जाऊन माळवदाबद्दल बोलायचं. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं धाबं. दर पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची, जुनी कोणी काढत नाही, म्हणून वर्षानुवर्षं ओझं वाढत गेलेलं. खाली दगडमातीच्या रुंद भिंती, आतला थर वेगळा आणि बाहेरचा वेगळा, मध्ये भराव. हादरा बसला की दोन्ही थर सुटे होतात. म्हणून भिंतीत आरपार जाणारे दगड घालायचे, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवायचा, धाब्याची माती कमी करायची. मावशीने हे मला जेवणाच्या ताटात भाकरीचे तुकडे रचून दाखवलं. मग ती भिंत आम्ही पिठल्याबरोबर खाल्ली.

नव्या गावावर मात तिचा राग आहे. घरं जमिनीच्या हिशोबाने मिळाली: भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असलेल्यांना अडीचशे चौरस फूट, मधल्यांना चारशे, मोठ्या शेतकऱ्यांना साडेसातशे. रस्ते रुंद, ओळी सरळ. "ट्रॅक्टर फिरतंय बगा मोकळं, पर शेजारीण लांब गेली. कालवण कमी पडलं तर वाटी घिऊन किती चालायचं?" त्या आखणीत आधी कुणी बाईला विचारलं नाही, असं तिचं म्हणणं. दुरुस्तीच्या गावांत विचारावं लागलं, कारण तिथे काम घरातल्यांच्याच हातात होतं. मला हे सकाळच्या सगळ्या टिपणांपेक्षा महत्त्वाचं वाटलं. वीज गेली, थांबते.


शेतावर, गुरुवार

वहिनी,

आज जे खाल्लं ते सविस्तर लिहिणार आहे, कंटाळलात तर भावजींना वाचायला द्या.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. अख्खं गाव शेतात. कडब्याची कोप करून तिच्यात पांडवांची पूजा करतात, मग जेवण. भज्जी म्हणजे आपली भजी नव्हे! वाल, तूर, वाटाणा, हरभरा, ओल्या शेंगांतलं जे मिळेल ते, पालेभाज्या, वर बेसन, पातेलं एवढं की आपल्या हळदीकुंकवाचं त्याच्यात बसेल. बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर. आणि मातीच्या बिंदग्यातलं आंबील: ताक, ज्वारीचं पीठ, लसूण, थंडगार. चार वाट्या प्यायले. रस्त्याने जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात, कुणाचा कोण विचारत नाहीत.

उरलेलं आगळ काढलं. नारळ नव्हता, पाण्यातच कालवलं. मावशी म्हणाली, "आंबाट हाय, पर रंग चांगलाय."

शेजारच्या पट्टीत तिच्या सुनेचा एक एकर आहे. घरच्या जमिनीतला तेवढा तुकडा बायकोच्या हुकमतीत, त्यात भाजी, डाळी, ज्वारी-बाजरी, घरात खायचं ते. दुष्काळात सोयाबीन गेलं तरी ताट रिकामं राहू नये म्हणून. स्वयम् शिक्षण प्रयोगाच्याच बायकांनी हे गावोगाव नेलं. २०१६ साली त्यांना संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. सून मात्र पारितोषिकाचं बोलत नव्हती; नवऱ्याकडून तो एकर सोडवून घ्यायला तिला दोन हंगाम लागले, त्याचं बोलत होती.

२००१ साली भुजच्या भूकंपानंतर इकडच्या बायका कच्छला गेल्या, त्यांत मावशीही. विचारलं, तिकडे काय सांगितलंत? म्हणाली, गुजराती येत न्हवती, काय सांगणार? तंबूत जाऊन आधी चूल कुठं मांडलीय ते बघायची. चूल बघितली की घरात किती माणसं, कोण आजारी, किती दिस पुरंल, सगळं कळतं. मग आपलं सांगायचं. आणि तिने मला उलट विचारलं: पुरात तुमच्या चुली कशावर होत्या?

वहिनी, मला आठवेना. तुम्ही माळ्यावर स्टोव्ह नेला होतात की पायरीवर? अडीच वर्षांत मी सगळ्या अर्जांत नुकसानीचे आकडे लिहिले, हे कुठे लिहिलंच नाही. आठवून ठेवा.


नांदेड, शनिवार

वहिनी,

इथल्या ज्या चर्चासत्राला यायचं होतं ते झालं. विषय होता गावांच्या पुनर्उभारणीतले अनुभव. सहा तासांत पडद्यावर बाण आणि वर्तुळं भरपूर, माणसं कमी. मला जेवणाआधीची पाच मिनिटं दिली होती, म्हणजे सगळ्यांचं लक्ष वासाकडे. लिहून नेलेलं बाजूला ठेवून मी चुलीचा प्रश्न सांगितला. मागच्या ओळीतल्या दोघी बायका तेवढ्यात जाग्या झाल्या आणि जेवताना माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांचं गाव गोदावरीकाठचं. पत्ता घेतला आहे.

गुरुद्वारा बघितला, सुंदर आहे. लंगरात जेवले. डाळ वाढणाऱ्याने तीनदा आग्रह केला, पत्र मागितलं नाही, जावक क्रमांकही नाही. भांडी घासायला बसले तर शेजारी पंजाबातून आलेली एक आजी, तिला मराठी येईना, मला पंजाबी. राख तिने दिली, विसळलं मी.

पनवेल गाडीचं तिकीट मिळालंय, वरचा बर्थ. पनवेलहून पुढची कोकण रेल्वे लागली तर संक्रांतीच्या संध्याकाळी घरी. तिळगूळ तुम्ही केला असेलच. भात टाकून ठेवा. बरोबर काही नसलं तरी चालेल, नुसता भात.

तुमची
धाकटी