हौजाचा पंप आणि आपली थंडी

दिवाळी सरून सकाळी शाल घ्यायची वेळ आली की आमच्या दुकानात एक ठरलेला प्रश्न येतो : "भाई, कारंज्याचा पंप आता काढून ठेवू का?" विचारणारे दोन प्रकारचे. एक सोसायट्यांचे आणि फार्महाउसचे मॅनेजर. त्यांच्या स्विमिंग पूलवर कारंजे किंवा छोटा धबधबा असतो आणि थंडीत पाण्यात कोणी उतरत नाही. दुसरे मस्जिदीच्या हौजाची देखभाल करणारे. आम्ही दोघे भाऊ नाशिकात मोटार वाइंडिंग आणि पंपदुरुस्ती करतो. दोघांनाही आमचे उत्तर एकच : काढू नका, रोज थोडा चालवा.

पंप रिकामा करून गुंडाळून ठेवण्याची रीत बर्फाच्या मुलखातली आहे, आणि तिथे ती बरोबरच आहे. पाण्याचा बर्फ झाला की ते सुमारे 9 टक्के फुगते. बंद पाइपात किंवा पंपाच्या पोटात त्याला जागा मिळाली नाही की बीडसुद्धा तडकते. आमचा एक मावसभाऊ अमेरिकेत ह्यूस्टनला असतो. तिथली थंडी एरवी सौम्य, त्यामुळे लोक पूल रिकामे करत नाहीत; पारा शून्याकडे निघाला की रात्रभर पंप चालू ठेवतात, कारण वाहते पाणी सहजासहजी गोठत नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासात कडाक्याची लाट आली आणि लाखो घरांची वीजच गेली. पंप थांबले, पाणी जागीच गोठले आणि पाइप फुटले. ज्यांनी वेळेत ड्रेन प्लग उघडून पंपातले पाणी सोडून दिले, त्यांचे पंप वाचण्याची आशा तरी राहिली. मावसभावाने तेव्हा पाठवलेले व्हिडिओ आमच्या मोहल्ल्यात बरेच फिरले. तेव्हापासून "थंडीत पंप काढावा लागतो" ही समजूत इकडे जरा जास्तच घट्ट झाली आहे.

नाशिकात पारा दहाच्या खाली येतो, निफाडला त्याहून खाली. तरी पंपातले पाणी गोठून बॉडी तडकली, असे काम आमच्या टेबलावर आजवर आलेले नाही. येतात ते जाम झालेले पंप. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. पंप थांबला, आतले पाणी सुकले की इम्पेलर आणि बॉडीच्या फटीत पांढरा थर बसतो. शाफ्टवरच्या सीलचे दोन गुळगुळीत चेहरे एकमेकांना चिकटतात. तीन महिन्यांनी बटण दाबले की मोटार नुसती गुणगुणते, फिरत नाही, आणि तसेच दाबून धरले तर वाइंडिंग जळते. एका मस्जिदीत ठेकेदाराने नोव्हेंबरात पंप काढून ओलाच स्टोअरात टाकला. रमजानच्या तोंडावर तो आमच्याकडे आला तेव्हा शाफ्ट पान्यानेही हलेना. खर्च झाला तो चंद्याच्या पैशातून. कोणाच्या दहा, कोणाच्या वीस रुपयांची ती अमानत.

त्यापुढे वीजबिलाची भीती फारच छोटी. अर्धा हॉर्सपॉवरचा पंप रोज अर्धा तास चालला तर सुमारे पाव युनिट जाते. महिन्याला सात-आठ युनिट. हौजाची डागडुजी असेल आणि पंप काढावाच लागला, तर साध्या स्वच्छ पाण्याने आतून धुवा, नीट सुकवा आणि दर आठवड्याला शाफ्ट हाताने दोन-चार वेळा फिरवा. कारंज्याच्या तोट्या रात्रभर सिरक्यात भिजवून ब्रशने घासल्या की थर सुटतो.

कारंजे म्हणजे नुसती शोभा, असे काही जण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. हनफी मसलकात दहा हात लांब-रुंद हौज मोठे पाणी समजले जाते. कोकणातल्या शाफई जमाअतींत दोन कुल्ल्यांचा हिशोब असतो. त्यामुळे थोड्याशा नापाकीने हौजातले पाणी नापाक होत नाही. पण पाक आणि साफ यांत फरक आहे. थांबलेल्या पाण्यावर शेवाळ धरते, वास येतो. डेंग्यूचा डास तर स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत त्यातून नवा डास उडतो. घरातला पिंप आठवड्याला रिकामा करता येतो, हौज कसा करणार? पाणी हलते ठेवणे आणि गप्पी मासे सोडणे, एवढेच हाती उरते. मात्र फजरला कारंजे लावू नये. गारठ्यात वुजू करणे सवाबाचे आहे हे खरे. म्हणून सत्तरीच्या चाचांच्या पाठीवर तुषार उडवायचे कारण नाही. जुहरची जमाअत पांगल्यावर अर्धा तास पुरे.

ही वेळ निवडण्याचे दुसरे कारण जास्त गंभीर आहे. हात पाण्यात, पाय ओल्या फरशीवर, आणि त्याच पाण्यात 230 व्होल्टवर चालणारा पंप. वायर उंदराने कुरतडलेली असेल किंवा जोडाला नुसती टेप गुंडाळलेली असेल, तर करंट पाण्यात उतरायला वेळ लागत नाही. लाइनवर 30 मिलिअँपिअरचा अर्थ लीकेज ब्रेकर हवाच. गळती होताच तो क्षणात वीज तोडतो. त्यावरचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. ब्रेकर पडला नाही तर तो बदलायचा. अर्थिंगही तपासून घ्यावे. आणि वुजूच्या वेळी पंपाचा स्विच बंद.

जाम पंपाच्या त्या मस्जिदीत ब्रेकर नव्हता. आम्ही पंप दुरुस्त करून दिला, पण ब्रेकर लागेपर्यंत हौजात सोडायला नकार दिला. रमजानचा पहिला जुमा कारंज्याविना गेला, दुसराही गेला. काही मंडळी आमच्यावर नाराज झाली. मुतवल्लीसाहेबांनी मग इलेक्ट्रिशियन बोलावला, जुनी वायर पूर्ण काढली आणि ब्रेकर बसवून घेतला. तिसऱ्या जुम्यानंतर पंप पाण्यात उतरला. स्विचची किल्ली आता मुअज्जिनसाहेबांकडे असते, आणि टेस्ट बटण ते चांद दिसला की दुसऱ्या दिवशी दाबतात.