डोळे उघडा, काका

"डॉक्टर, त्यांना झोपवूनच ठेवा, उगाच त्रास नको." आयसीयूच्या दाराशी हे वाक्य मला वरचेवर ऐकू येतं. आपल्या माणसाच्या घशात नळी पाहिल्यावर दुसरं काय सुचणार? पण औषधाने मिटलेले डोळे म्हणजे झोप नव्हे. स्नायू दिवसागणिक झडतात, आणि शुद्धीवर येताना माणूस बरेचदा भ्रमात असतो. भिंतीवर किडे चालताना दिसतात, सिस्टर आपल्याला मारायला आल्या आहेत असं वाटतं. त्या भीतीच्या आठवणी काहींचा घरी गेल्यावरही पिच्छा सोडत नाहीत.

आमच्या हाती औषधं मोजकीच. प्रोपोफॉल दुधासारखं पांढरं. पंप बंद केला की जाग लवकर येते, पण ते रक्तदाब पाडतं. मिडॅझोलाम स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं, मात्र रोज चालवलं की अंगात साठतं; मूत्रपिंड थकलेलं असेल तर पंप थांबवल्यावरही माणूस उठता उठत नाही. डेक्समेडेटोमिडीनवर रुग्ण हाकेला डोळे उघडतो, नाडीवर मात्र लक्ष ठेवावं लागतं. आणि या सगळ्यांच्या आधी फेंटॅनिल. दुखणं थांबवल्याशिवाय गुंगी देणं मला अन्याय वाटतो.

गुंगी किती, हे 'रास' मोजपट्टीवर ठरतं: अधिक ४ ते उणे ५. आधी नुसतं बघायचं. मग नावाने हाक मारून म्हणायचं, "काका, डोळे उघडा, माझ्याकडे बघा." दहा सेकंदांहून जास्त वेळ नजर टिकली तर उणे १, त्याआधीच ढळली तर उणे २. आवाजाला नुसती हालचाल झाली, नजर मिळाली नाही, तर उणे ३. त्याखाली खांदा हलवून पाहावा लागतो. बहुतेकांना शून्य ते उणे २ पुरतं. शिकागोच्या जॉन क्रेस आणि सहकाऱ्यांनी २००० साली १२८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज एकदा गुंगीचं औषध थांबवून जागं केलेल्यांचे व्हेंटिलेटरवरचे दिवस ४.९ भरले, इतरांचे ७.३. तरी कोविडात आमचा हात सैल सुटला. पालथं झोपवलेल्या रुग्णाला गाढ गुंगी लागायचीच. साथ ओसरली, सवय राहिली.

ती सवय माझ्यापुरती मोडली जानेवारी २०२५मध्ये. पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यातून गिलाँ-बारेचे रुग्ण येऊ लागले. संशयितांचा आकडा पुढे दोनशेपार गेला. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला आणि सगळ्यांचं लक्ष पिण्याच्या पाण्याकडे वळलं. या आजारात पायांपासून ताकद जाते, श्वासाचे स्नायूही थकतात, पण मेंदू लख्ख जागा असतो. व्हेंटिलेटरवरचा हा माणूस नळी ओढत नाही, हात झटकत नाही. तो शांत आहे असं वाटतं. प्रत्यक्षात त्याला हलताच येत नसतं.

असेच एक काका. रात्री नाडी १३०, रक्तदाब चढलेला, डोळ्यांतून पाणी. रजिस्ट्रार म्हणाला, "मॅडम, मिडॅझचा बोलस देऊ?" त्याचं चुकलं नव्हतं, या आजारात नाडी आपोआपही उसळते. पण आधी विचारून बघू म्हटलं. सिस्टरांनी पुठ्ठ्यावर बाराखडीतली नुसती व्यंजनं ओळीने लिहिली होती, काना-मात्रा सोडून. बोट ओळीवर आलं की काकांनी डोळे वर करायचे. आधी ओळ, मग अक्षर. प. य. पाय! पांघरूण काढलं तर दोन्ही टाचा गादीत रुतलेल्या. पोटऱ्यांखाली उशी दिली, कूस बदलली, नसांच्या दुखण्याचं औषध नाकातल्या नळीतून दिलं. अर्ध्या-पाऊण तासात नाडी १०५वर आली. मिडॅझोलाम लागलंच नाही.

तो पुठ्ठा चालवायला मात्र एक माणूस पलंगाजवळ उभा लागतो. व्हेंटिलेटरच्या प्रत्येक रुग्णामागे एक सिस्टर हवी, आणि जिथे एका सिस्टरकडे तिघं असतात तिथे पहाटे पंपाचा आकडा वाढतोच. मी त्या सिस्टरांना दोष देणार नाही. पण मनुष्यबळाची उणीव रुग्णाच्या शिरेतून भरून काढली जाते, आणि याबद्दल आपण डॉक्टरांनी व्यवस्थापनाशी भांडलं पाहिजे.

नातेवाइकांना आता मी सांगते: चष्मा आणा, कानाचं यंत्र आणा, आणि घरातलं काहीही बोला. काकांच्या गळ्याला भोक पाडून नळी तिथून घातल्यावर गुंगी पूर्ण थांबवता आली. काकू नातीच्या परीक्षेचं सांगत होत्या, तेवढ्यात काकांची नजर पुठ्ठ्याकडे गेली. ट. क. ध. काकूंनीच ओळखलं: टाकी धुतली का?

"धुतली हो, दोनदा," काकू म्हणाल्या, आणि टँकर किती वाजता येतो, पाणी किती वेळ उकळतात, हे सगळं त्यांना सांगत बसल्या.