परत काय येतं?

आमच्या घणसोली गावात, एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या बिल्डिंगींमध्ये भाड्याने राहणाऱ्या बॅचलर मंडळींचे दोन संवाद रोजचे. एक, "पाणी आलं का रे?" उत्तर हो किंवा नाही. संपलं. दुसरा, "मोटर लाव." लावली तर प्रश्नच मिटला. पण नाही लावली तर नुसतं "नाही" ऐकून काय करणार? लाइट गेलीय, खाली पाणीच नाही, की चावी काकांकडे आहे, हे कळायला नको का? यश एकाच प्रकारचं असतं, अपयशाला मात्र छप्पन कारणं.

लिनक्स कर्नलच्या कोडिंग स्टाइलमध्ये जवळपास हाच नियम लिहिलाय. फंक्शनचं नाव प्रश्नासारखं असेल तर खरं-खोटं परत करा. हुकुमासारखं असेल तर जमल्यावर 0 आणि फसल्यावर उणे आकडा. मेमरी नाही मिळाली, उणे 12. आर्ग्युमेंट चुकीचं, उणे 22.

इथवर सगळं छान. पण नियम म्हटला की अपवाद आलेच. 'कॉपी_फ्रॉम_युजर' घ्या. हे फंक्शन "किती बाइट कॉपी करायचे राहिले" ते परत करतं. म्हणजे 100 बाइट मागितले आणि एकही आला नाही, तर उत्तर 100! आता एखाद्या ड्रायव्हरच्या राइट फंक्शनने तो आकडा जसाच्या तसा पुढे ढकलला, तर वरच्या प्रोग्रॅमला वाटणार की 100 च्या 100 बाइट लिहून झाले. पूर्ण अपयश, आणि दिसतंय पूर्ण यश. म्हणून तिथे उणे 14 परत करायचं असतं.

'वेट_फॉर_कम्प्लीशन_टाइमआउट'चं उलटंच. तिथे 0 म्हणजे वेळ संपली, काम झालंच नाही. आणि काम झालं तर उरलेला वेळ मिळतो, म्हणजे 1 किंवा जास्त. एका जुन्या प्रोजेक्टमध्ये (कंपनीचं नाव राहू द्या) आमच्या टीमच्या दोन रात्री असल्याच एका शून्यापायी गेल्या. दुसऱ्या कुणाच्या तरी ड्रायव्हरमधलं फंक्शन होतं. वर कॉमेंट होती, प्रत्येक पॅरामीटरचं वर्णन अगदी प्रेमाने केलेलं. परत काय येतं? त्याबद्दल अवाक्षर नाही. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. विचारणार कुणाला?

यासाठीच कर्नल-डॉक नावाची पद्धत आहे. फंक्शनच्या डोक्यावर एक स्लॅश आणि दोन स्टार देऊन कॉमेंट सुरू करायची, नाव, पॅरामीटर आणि शेवटी 'रिटर्न:' असा वेगळा भाग. एक गंमत सांगतो. या भागात एकेका ओळीवर एकेक एरर कोड नीट मांडून लिहिला, तरी तयार झालेल्या पानावर सगळं एका ओळीत चिकटतं! वेगळं दिसायला हवं असेल तर यादीच्या खुणा द्याव्या लागतात.

असो. हल्ली शनिवारी सकाळी मी एखादं फंक्शन घेऊन त्याची ही ओळ लिहून बघतो. वाटतं तितकं सोपं नाही हो. फंक्शन आतल्या दुसऱ्याचं उत्तर पुढे देत असेल तर त्यात उतरा, मग त्याच्या आतल्यात. कुठे आकडा, कुठे नल, कुठे पॉइंटरच्या वेषात लपलेला एरर कोड. एका ओळीसाठी अख्खी सकाळ जाते. आणि अंदाजाने लिहिण्यात अर्थ नाही, कारण चुकीची ओळ नसलेल्या ओळीपेक्षा वाईट. ओळ नसेल तर माणूस निदान कोड वाचतो. असेल तर विश्वास ठेवतो.

ऑफिसात याला "फक्त डॉक्युमेंटेशन" म्हणतात. मला तर ही पुढच्या माणसाची झोप वाटते. तेव्हा मंडळी, सोमवारी स्वतःच्याच कोडमधलं एक फंक्शन उघडा. ते फसल्यावर नेमकं काय सांगतं, हे तुम्ही सोडून कुणाला माहीत आहे का? नसेल, तर एक ओळ लिहून टाका :)