टॅब्युलर

लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत तक्ते मांडणारा टॅब्युलर सांगकाम्या आहे, आणि मला तो त्यासाठीच आवडतो. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात त्याला कामाला लावलं, तेव्हापासून त्याची रीत तीच. 'एल', 'सी', 'आर' एवढी तीन अक्षरं सांगा; पहिला रकाना डावीकडे, दुसरा मधोमध, तिसरा उजवीकडे. रकान्यातली सगळ्यांत लांब नोंद ती त्याची रुंदी, वर दोन्ही बाजूंना सहा-सहा पॉइंट मोकळे. कमी-जास्त हवे तर 'टॅबकॉलसेप' बदला. तक्त्याच्या दोन्ही कडांनाही तो हे सहा पॉइंट सोडतोच, मग तक्ता मजकुराच्या कडेपासून जरा आत दिसतो. तिथे @ आणि रिकामा महिरपी कंस दिला की गप्प जागेवर येतो.

कागद केवढा आहे, याच्याशी मात्र त्याला देणंघेणं नाही. शेऱ्याच्या रकान्यात लांबलचक वाक्य लिहा, हा ते मोडणार नाही. समास ओलांडून खुशाल बाहेर जाईल. 'पी' लिहून रुंदी बांधून दिली तर मोडतो, पण दोन्ही कडा सरळ ठेवायच्या हट्टापायी अरुंद रकान्यात शब्दांमध्ये भगदाडं पाडतो. 'रॅगेडराइट' म्हणून त्याला सैल सोडलेलं बरं.

उभ्या अंतरात तर पक्का चिक्कू. प्रत्येक ओळीला एक अदृश्य टेकू: ओळींमधल्या अंतराचे सात दशांश वर, तीन दशांश खाली. रोमन अक्षरांचं त्यात जेमतेम भागतं. आपला 'मूर्ती' घालून बघा. वर रफार आणि वेलांटी, खाली ऊकार. दोन आडव्या रेघांत शब्द चेंगरतो. 'अरेस्ट्रेच' एकवरून १.४ केलं की सुटतो. मराठी तक्ता करणाऱ्याने बाकी काही करण्याआधी हे करावं.

त्याला नीटनेटकं राहायला शिकवलं सायमन फिअर यांच्या 'बुकटॅब्स' या पॅकेजने. वर-खाली जाड रेघ, मथळ्याखाली बारीक, रेघांभोवती मोकळी जागा. उभी रेघ नाही, दुहेरी तर नाहीच. सातबाऱ्यापासून गुणपत्रिकेपर्यंत चौकटीच बघत आलेल्या आपल्या डोळ्यांना हा तक्ता अर्धवट वाटतो, आणि कुणीतरी मध्ये उभ्या दांड्या घालतंच. टॅब्युलर नाही म्हणत नाही. दांड्या काढून देतो, फक्त त्या प्रत्येक आडव्या रेघेपाशी तुटलेल्या असतात.