सांगलीची हळद

सांगली म्हटली म्हणजे कुणाला गणपतीचे मंदिर आठवते, कुणाला विष्णुदास भाव्यांचे १८४३ सालचे ‘सीतास्वयंवर’, तर कुणाला भडंग! पण माघ-फाल्गुनात सांगलीला उतरावे आणि थेट मार्केट यार्डाची वाट धरावी. पत्ता विचारायला नको; नाकच वाट दाखवते. पोत्यांच्या थप्प्या, हमालांच्या पिवळ्या झालेल्या टोप्या, आणि ढिगाभोवती जमलेले अडते व व्यापारी. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास लावलेली हळद आठ-नऊ महिन्यांनी खणतात, शिजवतात, उन्हात वाळवतात, आणि ढोलात घालून घासतात. तेव्हा कुठे ते खरबरीत कांड गुळगुळीत हळकुंड होते. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले.

यार्ड पाहून झाले की कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरास जावे. संगमेश्वराचे दर्शन घ्यावे आणि मग पेवांची चौकशी करावी. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातले कोठार. तोंड अरुंद, पोट मोठे. आत हळद भरून तोंड मातीने बंद केले, की हवा नाही, उजेड नाही, कीडही नाही. मात्र पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही. आतली हवा प्राणघातक असते. ती बाहेर पडेपर्यंत थांबावे लागते. २००५ च्या महापुरात कित्येक पेवांत पाणी शिरले, आणि या जुन्या विद्येला मोठा फटका बसला.

या पिवळेपणाचे गुपित काय? हळदीत तिघी बहिणी नांदतात. थोरली कर्क्युमिन, मधली डिमेथॉक्सीकर्क्युमिन, धाकटी बिसडिमेथॉक्सीकर्क्युमिन. नावे ऐकून दचकू नका! थोरलीच्या दोन्ही कानांत ‘मेथॉक्सी’ नावाची कुडी आहे, मधलीच्या एकाच कानात, आणि धाकटीचे दोन्ही कान मोकळे. एवढाच काय तो फरक. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि उन्हात फिका पडतो, ही करामत यांचीच. चुन्याच्या संगतीने हळदीचे कुंकू होते तेही यामुळेच.

हळदीने जखम भरते, हे आपल्या आयांना ठाऊकच होते. तरी १९९५ साली अमेरिकेत त्यावर पेटंट दिले गेले! डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवले, आणि १९९७ साली ते रद्द झाले.

पण अभिमान वेगळा आणि औषध वेगळे. काचनळीत कर्क्युमिन दाह शमवते. गुडघेदुखीवर थोडाफार उतार पडल्याचे काही लहान चाचण्यांत दिसले आहे. पोटात गेल्यावर मात्र त्यातले फारच थोडे रक्तात पोचते. १९९८ साली बंगलोरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातील संशोधकांनी दाखवले, की मिरीतले पायपेरिन सोबत दिले तर रक्तातले प्रमाण वीसपट होते. हीच युक्ती वापरून आता गोळ्या निघाल्या आहेत. चमचाभर हळदीत या तिघी बहिणी मिळून सुमारे नव्वद मिलिग्रॅम. एका कॅप्सूलमध्ये कधी पाचशेच्या घरात! इटलीत २०१८-१९ च्या सुमारास अशा गोळ्या घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला सूज आली. तेव्हा पित्ताचे खडे असलेल्यांनी, किंवा रक्त पातळ होण्याचे औषध चालू असलेल्यांनी, डॉक्टरांना विचारल्यावाचून त्या घेऊ नयेत. आमटी-भाजीतल्या हळदीला ही धास्ती नको.

खरी धास्ती आहे ती निराळीच. पिवळेपणा खुलवण्यासाठी काही ठिकाणी हळदीला लेड क्रोमेट फासतात. त्यातले शिसे लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालते. बांगलादेशात २०१९ साली बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले. सरकारने कडक तपासणी आणि दंड सुरू करताच २०२१ साली एकाही नमुन्यात ते आढळले नाही. मनावर घेतले तर होते, ते असे!

म्हणून सांगलीहून परतताना भडंगाच्या पुड्याबरोबर किलोभर हळकुंडेही घ्यावीत. फार झगझगीत दिसतील ती टाळावीत. एखादे मोडून आतला नारिंगी-पिवळा रंग पाहावा, आणि घरी आल्यावर ओळखीच्या डंकावर स्वतः उभे राहून कुटून घ्यावीत. डबा मात्र अंधाऱ्या फळीवर ठेवा. हरिपूरच्या पेवाने शिकवलेला धडा शहरातल्या स्वयंपाकघरातही तितकाच खरा आहे.